अर्धं वाचलेलं वचन

उपासना संपली होती आणि आम्ही खुर्च्या एकावर एक रचत होतो, तेव्हा मैत्रेयी माझ्या वडिलांपाशी येऊन उभी राहिली.

बेंगळुरूत शिवाजीनगरजवळच्या एका जुन्या चर्चचा मागचा हॉल आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना दर रविवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच मिळतो. सकाळी तिथे तमिळ मुलांची संडे स्कूल असते, संध्याकाळी तेलुगू मंडळी येते. मधल्या दोन तासांत आम्ही चाळीसएक जण. काही घरं दोन पिढ्यांपासून बेंगळुरूत, काही गेल्या चार-पाच वर्षांत पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी आलेली. आमच्या मंडळीला पगारी पाळक नाही. गेली पंचवीस वर्षं उपदेश करतात ते माझे पप्पा, पुरुषोत्तम साळवे. सगळे त्यांना साळवे अण्णा म्हणतात. एका सरकारी कारखान्याच्या टूल रूममध्ये त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. शतांश मिलिमीटरची चूकही तिथे चालायची नाही, आणि तीच शिस्त त्यांनी शास्त्रालाही लावली होती. कुठलाही प्रश्न विचारा, पप्पा अध्याय आणि वचन सांगणार, लोक वहीत उतरवून घेणार, आणि विषय संपणार.

मैत्रेयी नागपूरची. एकोणतीस वर्षांची, कुठल्याशा मोठ्या कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी. लग्न होऊन नवऱ्याबरोबर दोन वर्षांपूर्वी इथे आली. नवरा पहिले काही महिने उपासनेला आला, मग यायचा थांबला. त्या दिवशी एप्रिलच्या उन्हातही तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता.

"अण्णा, मला एक विचारायचं होतं. जरा प्रायव्हेटली. विद्याताई असल्या तरी चालेल."

विद्या म्हणजे मी. मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"तो हात उचलतो," ती म्हणाली. "रोज नाही. पण आता वाढलंय. गेल्या महिन्यात मला डॉक्टरकडे जावं लागलं." ती एवढ्या सरळ आवाजात बोलत होती, जणू ऑफिसातला एखादा बिघाड सांगतेय. "मी घर सोडलं तर ते पाप आहे का? प्लीज, मला तुमचं मत नकोय. आई म्हणते सहन कर, मैत्रिणी म्हणतात आजच नीघ, मतं माझ्याकडे खूप आहेत. बायबल काय म्हणतं, तेवढंच सांगा. ते म्हणेल तसं मी करीन."

पप्पांनी बोलायला तोंड उघडलं. ते कोणतं वचन सांगणार, हे मला ठाऊक होतं, कारण मी ते पूर्वी एकदा ऐकलं होतं. पण ते वचन त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

"मला थोडा वेळ दे," शेवटी ते म्हणाले.

"वेळ कसला, पप्पा?" मी म्हटलं. "मैत्रेयी, तू आज आमच्याकडे चल."

"आज नको, ताई. तो हैदराबादला गेलाय. गुरुवारी येतो. तोपर्यंत काही नाही."

"गुरुवारच्या आत तुला सांगतो," पप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एका प्रश्नाचं उत्तर उद्यावर टाकताना पाहिलं.

आम्ही रिक्षानं जे. पी. नगरला घरी पोचलो. घरात आल्यावर पप्पा चप्पलसुद्धा न काढता सोफ्यावर बसले.

"मथुरा आठवते तुला?"

आठवत होती. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मथुरा आमच्याच मंडळीतली, सुंदर आवाजात गीतं म्हणणारी. घरच्यांचा विरोध मोडून तिनं लग्न केलं होतं. एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली. मांडीवर दोन वर्षांची मुलगी आणि जबड्यावर निळा डाग. तेव्हा आमची बैठक म्हणजे लाकडी दिवाण आणि दोन वेताच्या खुर्च्या. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पप्पांनी शास्त्र उघडलं, मलाखी संदेष्ट्याचं पुस्तक काढलं आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. काडीमोड देवाला सहन होत नाही, त्याला काडीमोडीचा तिटकारा आहे, असं त्या ओळीत होतं. मग शुभवर्तमानातलं, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये हे सांगितलं. घरी जा, प्रार्थना कर, तुझ्या सोशिकपणानं त्याचं मन वळेल, असंही म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्वतः स्कूटरवरून तिला घरी पोचवलं आणि नवरा-बायकोला समोरासमोर बसवून प्रार्थना केली.

तीन आठवड्यांनी मथुरा हॉस्पिटलात होती. तिचा डावा कान कायमचा गेला. बरी झाल्यावर ती मुलीला घेऊन कुठेतरी निघून गेली. आमच्या घरात तिचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. निदान मला तसंच वाटत होतं.

"ती कुठे असते, ठाऊक नाही," पप्पा म्हणाले. "मैत्रेयीला उत्तर द्यायच्या आधी मला तिला भेटायचंय."

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा जुना फोन मी कपाटात ठेवला होता. त्यात 'मथुरा होसकोटे' असा एक नंबर होता, हे मला अचानक आठवलं. आई वारली तेव्हा त्या नंबरावर मी फोनही केला होता. बातमी ऐकून पलीकडची बाई कितीतरी वेळ रडत होती, आणि मला वाटलं होतं, आईची कुणी ब्लाउज शिवणारी असेल. ही तीच मथुरा असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी फोन चार्जिंगला लावला. नंबर सापडला. मी पप्पांना दाखवला.

"वीणाकडे हा कसा?" त्यांनी विचारलं. वीणा म्हणजे माझी आई.

मी फोन केला. आम्ही कोण, कशासाठी येतोय, ते सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "मंगळवारी या. दुपारी मी घरीच असते."

मी शाळेत गणित शिकवते. सुट्टी लागली होती. मंगळवारी आम्ही शिवाजीनगरहून शहराबाहेरच्या होसकोट्याची बस धरली. के. आर. पुरमच्या पुलापाशी बस पाऊण तास अडकली. पप्पांनी त्यांचं बायबल मांडीवर घेतलं होतं, पण उघडलं नव्हतं.

मथुराचं घर औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत तीन शिलाई मशिनं आणि भिंतीला टांगलेले निळे-करडे गणवेश. ती आता पन्नाशीची, अंगानं भरलेली, केस पांढरे झालेले. तिनं आम्हाला पाहिलं आणि उजवा कान आमच्याकडे यावा म्हणून मान थोडी वळवली. पप्पांना ते दिसलं. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"जय ख्रिस्त, अण्णा. बन्नी, आत या. विद्या ना तू? किती मोठी झालीस." तिनं मशिनजवळच्या दोन स्टुलांवरचं कापड उचललं. "स्वल्प थांबा, पाणी आणते."

पप्पांनी पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत.

"मथुरा, त्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं, ते तुला आठवतं?"

"सगळं आठवतं."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ती त्यांच्यासमोर बसली. "तुम्ही वचन वाचलंत. मी म्हटलं, अण्णा, मला भीती वाटते. तुम्ही म्हणालात, हे माझं म्हणणं नाही मथुरा, हे देवाचं म्हणणं आहे." ती थांबली. "तुमचं म्हणणं असतं ना, तर मी ऐकलं नसतं. लग्नाच्या वेळी आईबापाचं पण ऐकलं नव्हतं मी. देवाचं म्हणालात, म्हणून गेले."

बाहेर गल्लीत कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. त्याचा टूं टूं आवाज थांबला.

"त्यानंतर दीड वर्ष मी बायबल उघडलं नाही," मथुरा म्हणाली. "आवरताना हात लागला तरी नको वाटायचं. मग वीणाअक्का आल्या."

"वीणा? इथे?"

"दर दोन-तीन महिन्यांनी यायच्या. आजारी पडेपर्यंत." तिनं आधी पप्पांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटायचं, तुम्हीच पाठवता. पहिलं मशिन त्यांनीच घेऊन दिलं. माझ्या मुलीची, भव्याची, दहावी होईपर्यंत तिला इंग्रजी शिकवायच्या त्या. आणि एकदा म्हणाल्या, मथुरा, तो अध्याय आपण पुन्हा वाचू. मी नाहीच म्हणत होते. त्यांनी वाचला, मी ऐकला. अण्णा, तुम्ही आणलंय ना बायबल? काढा मलाखी. दुसरा अध्याय. तुम्ही मला दाखवलं होतंत, त्याच्या तीन-चार वचनं आधीपासून वाचा."

पप्पांनी चष्मा लावला. मी त्यांना हजार वेळा शास्त्र वाचताना ऐकलंय, पण त्या दिवशी त्यांचा आवाज निराळाच होता. लोक देवाची वेदी आसवांनी भिजवतात आणि विचारतात, आमचं अर्पण तू का घेत नाहीस? त्यावर संदेष्टा उत्तर देतो की तुझ्या तरुणपणच्या बायकोच्या आणि तुझ्यामध्ये देव साक्षी होता, आणि तू तिचा विश्वासघात केलास. ती तुझी सोबतीण होती, तुझ्या कराराची बायको होती. मग ती काडीमोडीची ओळ आली. तिच्यापुढेच, त्याच वाक्यात, जुलूम अंगावर वस्त्रासारखा पांघरणाऱ्या माणसाचा देवाला तिटकारा असल्याचं होतं.

पप्पांनी बोट मागे नेऊन तीच ओळ पुन्हा वाचली.

"हे तर पुरुषांना उद्देशून आहे," ते हळूच म्हणाले. "बायकोवर अन्याय करणाऱ्या पुरुषांना."

"हो," मथुरा म्हणाली. "आणि तुम्ही ते मला ऐकवलंत. तो समोर बसला होता, तरी त्याला नाही ऐकवलंत."

पप्पांनी चष्मा काढला आणि दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. एकाहत्तर वर्षांच्या माझ्या बापाला मी आईच्या दफनाच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. मी उठायला लागले, तर मथुरानं मला हातानंच थांबवलं.

हात खाली घेऊन ते म्हणाले, "वीणानं मला का नाही सांगितलं?"

मथुरा शिलाईच्या कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिली. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, ह्यांच्याशी कशाहीबद्दल बोलता येतं. पण ह्यांच्या हातात शास्त्र असलं की मला बोलता येत नाही. मी चूक ठरते, आणि मग मला वाटतं, देवासमोरच चूक ठरले."

हे ऐकून मला आईच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. उपासनेनंतर पप्पांभोवती लोक प्रश्न विचारत उभे असायचे आणि आई लांब कोपऱ्यात गीतांची पुस्तकं मोजत असायची. घरी बायबल वाचताना पप्पा खोलीत आले की ती पुस्तक मिटून भाजी निवडायला घ्यायची. ते सगळं मी पाहिलं होतं, आणि तिचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं.

"मथुरा, मला क्षमा कर," पप्पा म्हणाले.

"क्षमा केलीय. कधीच केलीय. मनात धरून मला जगता येईना, म्हणून केली. पण अण्णा, एक काम करा. मी परत गेले, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही उपदेशात माझं उदाहरण दिलं होतंत. आज्ञाधारक बायको म्हणून. नाव नाही घेतलंत, पण सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं होतं. आता नाव घेऊन सांगा. काय झालं ते."

"सांगतो. तू येशील?"

"नाही." तिनं पटकन मान हलवली. "मी इथल्या कन्नड मंडळीत जाते. तिथे मला बरं आहे. तिकडे यायला नको."

ती आम्हाला बस थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं मला आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं. पप्पा दोन पावलं मागून येत होते.

घरी आल्यावर पप्पांनी जेवणाच्या टेबलावर चार पुस्तकं मांडली. दोन मराठी भाषांतरं, एक कन्नड, एक इंग्रजी. त्यांना दिसलं की ती एक ओळ प्रत्येक ठिकाणी सारखी नाही. एकात देव म्हणतो, मला तिटकारा आहे. दुसऱ्यात जो पुरुष तिटकाऱ्यानं बायकोला सोडतो तो जुलूम करतो, असा अर्थ निघतो. त्यांच्या ओळखीच्या एका धर्मशिक्षण महाविद्यालयातल्या शिक्षकांना त्यांनी फोन केला. शिक्षक म्हणाले, तिथली मूळ हिब्रूच अवघड आहे, अभ्यासकांचं एकमत नाही. पप्पांनी फोन ठेवला. ज्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी एका बाईला परत पाठवलं, ती ओळ इतकी सरळ नव्हती आणि आजूबाजूची वचनं मात्र अगदी सरळ होती.

बुधवारी गिरीधरकाका आले. गिरीधर उजागरे म्हणजे आमच्या मंडळीचा कारभार पाहणारे दुसरे वडीलजन, पप्पांचे चाळीस वर्षांचे मित्र. रविवारी आपण काय करणार, हे पप्पांनीच त्यांना बोलावून सांगितलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पुरुषोत्तम, त्या मुलीला घरातून बाहेर काढ, पोलिसांत ने, माझी ना नाही. मी काय राक्षस नाही. पण उभं राहून मंडळीला सांगू नकोस की मी शास्त्र चुकीचं शिकवलं."

"शिकवलंय, गिरीधर."

"मग लोक काय म्हणतील? आज हे चुकलं, उद्या ते चुकलं. ही नवी मुलं आधीच म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, आपल्याला पटेल ते घ्यायचं. त्यांच्या हातात तू कोलीत देतोयस. मग शास्त्राला अधिकार कसला उरला?"

"मी चुकलो म्हणतोय मी. शास्त्र चुकलं, असं नाही म्हणत."

"ऐकणाऱ्याला ते एकच वाटतं!"

"वाटतं ना? तीच माझी चूक," पप्पा म्हणाले. "पंचवीस वर्षं मी माझा आणि शास्त्राचा आवाज एकच करून ठेवला. मथुराला मी म्हणालो, हे देवाचं म्हणणं आहे. ते माझं वाचन होतं, गिरीधर. अर्धं, घाईघाईनं केलेलं."

काका उठून उभे राहिले, परत बसले. "पौलानं स्पष्ट लिहिलंय. करिंथकरांच्या पत्रात. बायकोनं नवऱ्याला सोडू नये. हे तरी पुरुषांना उद्देशून नाही ना?"

"पुढचं वाचलंस? सोडलंच तर तिनं कसं राहावं, तेही तो लगेच लिहितो. काही जणींना सोडावं लागणार, हे त्याला दिसत होतं. आणि येशूला ज्यांनी सूटपत्राबद्दल, म्हणजे काडीमोडीबद्दल, विचारलं ते कोण होते? कुठल्याही कारणावरून बायकोला हाकलता येईल का, असं विचारणारे पुरुष. त्यांना त्यानं नाही म्हटलं. बायकांना रस्त्यावर टाकू नका, म्हणून. तोच शब्द आपण मार खाणाऱ्या बाईच्या पायात अडकवला."

"म्हणजे तुला हवा तो अर्थ काढायचा."

"तसं होऊ शकतं," पप्पा म्हणाले. "मलाही तीच भीती आहे. तेव्हा मला खात्री होती आणि मी चुकलो. आज पुन्हा खात्री वाटतेय, ती कशावरून खरी? म्हणून तर तुला बोलावलं. इथून पुढे मला एकट्यानं वाचायचं नाही."

गिरीधरकाकांनी टेबलावरच्या उघड्या पुस्तकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी तू ते बोललास तर मी उठून जाईन." आणि ते निघून गेले.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं मैत्रेयीच्या फ्लॅटवर गेलो. नवरा संध्याकाळच्या विमानानं येणार होता. दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, "काय म्हणतं बायबल?"

पप्पा सोफ्याच्या कडेवर बसले. "आधी एक सांगतो. शास्त्र काय म्हणतं आणि मला काय वाटतं, यांत माझी गल्लत होऊ शकते. पूर्वी झालीय, आणि एका बाईनं त्याची किंमत कानानं मोजलीय. म्हणून मी दाखवतो, आणि तू स्वतः वाच."

तिनं वाचलं. हळूहळू, ओळीखाली बोट फिरवत. जुलमाच्या वस्त्रापाशी येऊन ती थांबली, आणि तिनं कुर्त्याची बाही आणखी खाली ओढली. मग पप्पांनी तिला पुढची ठिकाणं काढून दिली. देव पीडिताची बाजू घेतो, हे कुठे कुठे आहे ते. नवऱ्यानं बायकोवर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम करावं, हे. तिनं तेही वाचलं.

"लग्न पवित्र आहे, हे मी आजही मानतो," पप्पा म्हणाले. "म्हणूनच सांगतो, ज्यानं हात उचलला त्यानं ते मोडलं. तू निघालीस म्हणून तू मोडलंस, असं होत नाही. एवढं मला यात दिसतं."

"आणि पुढे? डिव्होर्स? मी परत लग्न केलं तर?"

"त्यावर ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून वाद आहे. माझं मत अजून बनलेलं नाही. ते ठरवायला वेळ आहे. आज बॅग भर."

मैत्रेयी उठली. मग तिनं कपाटावरची सुटकेस खाली काढली. मी तिची प्रमाणपत्रं, पासपोर्ट आणि डॉक्टरचे कागद एका पिशवीत घातले. तासाभरात आम्ही तिला घेऊन आमच्याकडे निघालो. त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्याचे सत्तावीस फोन आले. शेवटचे काही पप्पांनी घेतले आणि शांतपणे सांगितलं, "बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. मी तुझ्याकडेही यायला हवं होतं, याआधीच." पलीकडून शिव्या आल्या. पप्पांनी त्या ऐकून घेतल्या आणि फोन ठेवला.

रविवारी हॉल नेहमीसारखाच भरला होता. पप्पा उपदेशाला उभे राहिले. त्यांनी मलाखीचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत वाचला. मग बायबल मिटून बाजूला ठेवलं.

"एकवीस वर्षांपूर्वी याच अध्यायातली अर्धी ओळ वाचून मी मथुराला तिच्या नवऱ्याच्या घरी परत पाठवलं," ते म्हणाले. "तुमच्यातल्या काही जणांना ती आठवत असेल. मी तिचं इथे कौतुकही केलं होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिचा कान गेला. तेव्हा प्रार्थनेत मी सैतानाला दोष दिला. दोष माझा होता. तिनं मला तिचं नाव घ्यायला सांगितलंय, म्हणून घेतोय. तिनं हा अध्याय माझ्यापेक्षा नीट वाचला. माझ्या बायकोनंही वाचला होता. मी तिला कधी विचारलं नाही."

मग ते खाली बसले. मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गिरीधरकाका उठले आणि बायकोला घेऊन निघून गेले. त्यांच्यामागे आणखी एक कुटुंब गेलं. बाकीचे बसून राहिले. मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी बाई उभी राहिली. मथुराच्या बाजूला बसून ती गीतं म्हणायची.

"मला तेव्हाच वाटलं होतं, हे बरोबर नाही," ती म्हणाली. "पण अण्णांनी शास्त्रातून सांगितलं. मग आपण कोण बोलणार, असं वाटलं." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदरानं डोळे टिपू लागली.

त्या दिवसानंतर पप्पांनी सहा महिने उपदेश केला नाही. त्यांनी मंडळीला विनंती केली आणि रविवारी एकेक अध्याय पाळीपाळीनं वाचायचं ठरलं. कुणीही वाचावं, कुणीही विचारावं. सुरुवातीला गडबड झाली. नव्या मुलांपैकी एक जण दर वेळी फोनवर काहीतरी शोधून वाद घालायचा, आणि जुन्या बायका तोंड उघडायला तयारच नव्हत्या. दोन-तीन कुटुंबं म्हणाली, आम्ही इथे उपदेश ऐकायला येतो, चर्चा करायला नाही, आणि ती दुसऱ्या मंडळीत गेली. बायका बोलायला लागायला जुलै उजाडला.

मैत्रेयी आता आमच्याच भागात एका पीजीत राहते. तिची केस अजून चालू आहे. तिची आई नागपूरहून येऊन महिनाभर राहून गेली. जाताना तिनं पप्पांना नमस्कार केला, पण नजर वर उचलली नाही. मैत्रेयीचा निर्णय तिला पटलेला नव्हता. मैत्रेयी रविवारी येते. कधी प्रार्थना करते, कधी गप्प बसते. एकदा मला म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं बायबलमधून एक लाइनचं उत्तर मिळेल. आता रोज वाचावं लागतं." ती तक्रार करत होती की नाही, ते मला नीट कळलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाताळच्या तयारीच्या गडबडीत, संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर गिरीधरकाका उभे होते. काखेत त्यांचं बायबल, कापडी पिशवीत दोन वह्या. सात महिन्यांत ते पप्पांशी बोलले नव्हते.

"मला अजून वाटतं तू चुकलास," ते दारातूनच म्हणाले. "त्या मुलीच्या बाबतीत नाही. उभं राहून सांगितलंस, त्या बाबतीत. आणि पौलाचा तू काढलेला अर्थ मला मान्य नाही. मी सगळं उतरवून आणलंय."

"ये," पप्पा म्हणाले. "बस."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून काकांचा चढलेला आवाज येत होता, मग पप्पांचा, मग पानं उलटल्याचा. एकदा काका इतक्या जोरात "नाही!" म्हणाले की मी डोकावून पाहिलं. दोघं टेबलावर एकाच पुस्तकावर वाकले होते, आणि पप्पा म्हणत होते, "बरं, मग तू वाच. मी ऐकतो."